मराठवाड्याच्या उन्हात वाईन : दोनशे किलो द्राक्षांचा हिशोब

वाईन शिकताना माझ्या हाती पडलेली जवळजवळ सगळी पुस्तकं थंड मुलखातल्या माणसांनी लिहिलेली होती. त्यात पानोपानी एकच घोर : द्राक्षं पिकतील ना? जर्मनीतलं मोझेलचं खोरं असो की इंग्लंडमधलं ससेक्स, वाईट हंगामात तिथली साखर १७-१८ ब्रिक्सला (म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर) अडते आणि आंबटपणा मात्र दात शिवशिवतील एवढा. म्हणून तिकडे रसात साखर घालायची रीत पडली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल याने १८०१ साली तिचा जाहीर पुरस्कार केला, तेव्हापासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आता फेब्रुवारीच्या शेवटी जालन्याकडच्या एखाद्या मळ्यात जाऊन ब्रिक्स मीटर लावा. २४ दाखवतं. आठवडाभर थांबलात आणि ऊन तापलं, तर २६. साखर घालायचा प्रश्नच नाही. अडतं ते उलट बाजूने. द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. रात्री गरम झाल्या की मण्यातलं मॅलिक श्वसनातच जळून जातं. थंड मुलखात ते टिकतं, आपल्याकडे तोडणीपर्यंत फारसं उरत नाही. म्हणजे साखर नको तेवढी आणि आंबटपणा हवा त्याहून कमी. पुस्तक तेच वापरायचं, पण जिथे ते साखर घाला म्हणतं तिथे आपण आम्ल घालायचं आणि जिथे ते ऊब द्या म्हणतं तिथे आपण बर्फ शोधायचा.

मी नाशिककडे सहा हंगाम एका वायनरीत काढले आणि आता आमच्या भागात एका छोट्या परवानाधारक युनिटमध्ये दर हंगामाला २०० किलोच्या चाचण्या करतो. खालचे आकडे त्याच मापाचे आहेत.

आधी परवाना

हे आधीच सांगतो, कारण फोन करणाऱ्यांपैकी निम्मे लोक इथेच गडबड करतात. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय वाईन करणं गुन्हा आहे. घरापुरती, दोन बरण्या, विकायची नाही, यातलं काहीही सबब म्हणून चालत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा उत्पादन परवाना लागतो, अन्नसुरक्षेचा परवाना वेगळा. स्वतःचं युनिट झेपत नसेल तर परवाना असलेल्या वायनरीशी बोलून आपल्या द्राक्षांचा वेगळा लॉट तिथेच करून घ्या. मीही सुरुवात तशीच केली. ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे भट्टी लावण्याच्या वाटेला तर जाऊच नका. या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही.

उरलेल्या मालाची वाईन होत नाही

आमच्याकडे द्राक्ष म्हणजे खायचं द्राक्ष. कडवंचीसारख्या गावाने पाणलोट आणि शेततळ्यांच्या जोरावर दुष्काळी भागात बागा उभ्या केल्या, पण त्या थॉमसन, सोनाका, माणिक चमन यांच्या. शेजारचे नाना एका मार्चमध्ये दारात येऊन म्हणाले, "व्यापाऱ्यानं माल नाकारला बघ. आता त्याची वाईन तरी काढ की." त्यांना नाही म्हणताना जीवावर आलं, पण नाहीच म्हणालो.

कारण असं. खायच्या द्राक्षाला आपण जीए (मणी फुगवणारं संजीवक) मारतो, विरळणी करतो, मणी १८ मिलीमीटरच्या पुढे फुगवतो. मणी मोठा म्हणजे पाणी जास्त आणि गराच्या मानाने साल कमी. वाईनचा रंग, वास, तुरटपणा सालीत असतो. वाईनच्या शिराझचा मणी हरभऱ्यापेक्षा थोडाच मोठा, साल जाड, आत बिया. खायला घेतलात तर दोन मण्यांत तोंड तुरट होईल. तोच तुरटपणा आपल्याला हवा असतो.

लाल वाईनसाठी शिराझ आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों, पांढऱ्यासाठी चेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यों ब्लां ही महाराष्ट्रात रुळलेली वाणं. पहिल्या प्रयोगाला शिराझ घ्या, उन्हाला तेच जास्त दाद देतं. रोपं आणि खुंट (ज्या मूळझाडावर कलम बांधतात ते) याबद्दल पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारावं. आपल्या हलक्या, चुनखडीच्या जमिनीत खुंटाशिवाय लावायचा हट्ट नको.

छाटणीचं गणित मात्र स्वतःच मांडावं लागतं. एप्रिलची खरड छाटणी ठरलेलीच. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, लवकर, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेतली तर द्राक्षं जानेवारीच्या थंड रात्रींत पिकतात आणि आम्ल टिकतं. पण परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठतो आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, बाग घेऊन जातो. ऑक्टोबरमध्ये घेतली तर बाग वाचते आणि आम्ल जातं. मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर येऊन थांबलो आहे. एका वर्षी त्यातही मार खाल्ला. तरी थंड प्रदेश म्हणून आपल्याकडे जे काही आहे ते डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींतच आहे, परभणीचा पारा उगाच बातम्यांत येत नाही. पिकण्याचे शेवटचे तीस दिवस त्या रात्रींच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे.

आणखी एक : भुरी रोगासाठी गंधक मारता ना? तोडणीच्या आधी निदान तीन-चार आठवडे बंद करा. सालीवर राहिलेलं गंधक आंबताना यीस्टच्या तावडीत सापडतं आणि टाकीतून कुजक्या अंड्याचा वास येतो.

तोडणी अंधारात

शिराझ २३ ते २४ ब्रिक्सला तोडा. २४ ब्रिक्सची साधारण १३.५ टक्के अल्कोहोलची वाईन होते. मीटरवर एकच मणी पिळून निकाल लावू नका. वेगवेगळ्या ओळींतले, घडाच्या खांद्याचे आणि शेंड्याचे मिळून शंभरेक मणी एकत्र कुस्करा आणि त्याचा रस तपासा. शिवाय बी चावून बघा. हिरवी आणि कडू असेल तर थांबा. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर तयार.

बॅटऱ्या कपाळाला बांधून पहाटे चारला सुरुवात करतो आणि सातला कात्र्या खाली. हौस म्हणून नाही. दुपारी तोडलेल्या घडात थर्मामीटर खुपसला तर ३४ अंश दिसतात, पहाटे १७. हे सतरा अंश फुकटात मिळतात, नंतर तेच विजेने विकत घ्यावे लागतात. क्रेट २० किलोचे, जास्त भरले की खालचे मणी फुटून तिथेच आंबायला लागतात. कुजके, करपलेले, बेदाणा झालेले घड मळ्यातच टाका.

भांडी आणि मापं

पिंप निवडताना सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवा. एमआयडीसीतून येणारे निळे २०० लिटरचे ड्रम आपल्याकडे पाण्यासाठी सर्रास वापरतात. त्यात आधी काय होतं ते कोणी सांगत नाही. असला ड्रम वाईनला वापरू नका, कितीही धुतला तरी. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीच बनलेलं नवं प्लास्टिक, एवढंच. ॲल्युमिनियम, लोखंड, जस्ताचा मुलामा असलेली पत्र्याची टाकी हे सगळं आम्लाने खाल्लं जातं. २०० किलोसाठी ३०० लिटरचं भांडं हवं, कारण साली वर चढतात.

हायड्रोमीटर (रसाची घनता दाखवणारी तरंगती काडी), पीएच मीटर, थर्मामीटर, ग्रॅममध्ये मोजणारा तराजू. लिटमस कागदावर भागत नाही. पीएच मीटर ४ आणि ७ च्या द्रावणात दर वेळी जुळवून घ्या.

एकूण आम्ल मोजणं सोपं आहे. १० मिली रस, ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण ब्युरेटमधून थेंबथेंब, पीएच ८.२ येईपर्यंत. जितके मिली लागले त्याला ०.७५ ने गुणा : लिटरला तितके ग्रॅम टार्टारिक. लाल रसात फिनॉल्फ्थॅलीन या सूचक द्रवाचा गुलाबी रंग ओळखू येत नाही, म्हणून मीटरवरच थांबायचं.

ठेचणं आणि आम्ल

देठ काढून मणी फोडायचे. बिया फुटता कामा नयेत, फुटल्या की कडवट तेल उतरतं. चार माणसं हाताने २०० किलोचे देठ तीन-चार तासांत काढतात. फोडल्या फोडल्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइट १७-१८ ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून. त्यातून साधारण ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) सल्फर डायऑक्साइड मिळतो आणि सालीवरचे नको असलेले जिवाणू दबतात. डबा उघडताना तोंड बाजूला करा. दम्याच्या माणसाने तर या कामाला हातच लावू नये.

आता आम्ल. समजा पीएच ३.८ आणि आम्ल लिटरला ४.८ ग्रॅम आलं. आपल्याला पाहिजे पीएच ३.५ च्या आसपास आणि आम्ल साडेसहा. म्हणजे लिटरला १.७ ग्रॅम कमी. २०० किलोतून निघणारा रस १४० लिटर धरला तर २३८ ग्रॅम टार्टारिक. त्यातलं दोन तृतीयांश आत्ता घाला, ढवळा, तासाभराने पुन्हा मोजा आणि मग उरलेलं. सायट्रिक वापरू नका, लिंबू तर नाहीच. सायट्रिक पुढे जिवाणू खातात आणि त्याचं ॲसिटिक करतात. हे काम आंबायच्या आधी झालं पाहिजे. बाटलीत भरताना घातलेलं आम्ल जिभेवर वेगळं उभं राहतं, भाजीत मीठ नंतर टाकल्यासारखं.

पीएचची एवढी कटकट का? सल्फाइटचा जोर पीएचवर ठरतो. ३.४ ला ३० पीपीएम मोकळा (कशाशी बांधला न गेलेला) सल्फर डायऑक्साइड जे काम करतो, त्याच कामाला ३.८ ला ७५-८० लागतात. आणि उन्हाळा तर समोरच उभा असतो.

विरजण

रानटी यीस्टवर सोडायचा मोह होतो, पण इतक्या उष्णतेत ते जुगार खेळण्यासारखं आहे. वाईनचं सुकं यीस्ट आणा, पावाचं नको. ४०-४५ ग्रॅम यीस्ट त्याच्या दहापट, ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं. फेस आला की त्यात थोडा थोडा रस घालत तापमान खाली आणा. यीस्ट आणि रस यांच्यात दहा अंशांहून जास्त फरक राहिला तर बसणाऱ्या धक्क्याने निम्मं यीस्ट मरतं. सल्फाइट घातल्यानंतर बारा तासांनी हे वर ओता.

यीस्टला नायट्रोजन लागतो. डायअमोनियम फॉस्फेट, खाद्य दर्जाचं, ४० ग्रॅम, दोन हप्त्यांत. खताच्या दुकानातलं डीएपी नव्हे! हे लिहावं लागतं, कारण एकाने पोतं दाखवून विचारलं होतं. साखर निम्म्यावर आल्यानंतर ते घालू नका.

आग विझवत राहणं

एक ब्रिक्स साखर आंबताना, उष्णता बाहेर गेलीच नाही तर, रस साधारण १.३ अंशांनी तापतो. २४ ब्रिक्सचे झाले ३१ अंश. २२ ला सुरू केलं तर कागदावर ५३ होतात. छोट्या भांड्यातून बरीच उष्णता निघून जाते, पण मार्चमधल्या आमच्या खोलीत निघून जायला ती जाणार कुठे? लाल वाईनला २४ ते २८ अंश बरे. ३२ च्या वर धोका सुरू होतो, ३५ ला यीस्ट गळपटतं.

दुसऱ्याच हंगामात चौथ्या दिवशी डीपी जळाली. तीन दिवस वीज नाही. मी ओली पोती गुंडाळली, पंप नव्हता म्हणून बादलीने पाणी मारलं. सायंकाळी ३७. दुसऱ्या दिवशी फेस बसला, हायड्रोमीटर १.०२० वर येऊन तिथेच थांबला, आणि गोडसर कोमट रसावर चिलटं जमली. पुन्हा यीस्ट लावून बघितलं, चालू झालं नाही. आठवड्याने दार उघडलं तर नाकात व्हिनेगर. सगळा लॉट अधिकाऱ्यांना कळवून, नोंद करून ओतून द्यावा लागला.

तेव्हापासून फ्रीजरमध्ये बाहेरून स्वच्छ धुतलेल्या, पाणी भरून गोठवलेल्या दोन लिटरच्या बाटल्या वीसेक तरी तयार ठेवतो. १८० लिटर मस्ट (सालींसकट रस) पाच अंशांनी उतरवायला साधारण ८ किलो बर्फ लागतो, म्हणजे चार बाटल्या. त्या मस्टमध्ये सोडायच्या, वितळल्या की बदलायच्या. वीज गेली की गावातल्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून भांड्याच्या बाहेर टाकीत ठेवायची. ती लादी खाण्यायोग्य पाण्याची नसते, तिचा थेंबही आत जाऊ द्यायचा नाही.

दिवसातून तीन-चार वेळा वर आलेला सालींचा थर लाकडी दांड्याने खाली दाबा. रंग तिथूनच उतरतो, आणि कोरडा राहिला तर पहिलं व्हिनेगरही तिथेच धरतं. थराच्या आतलं तापमान मोजा, खालच्या रसाचं नव्हे. दोन्हींत पाच-सहा अंशांचा फरक मी पाहिला आहे.

खोलीचं दार उघडं ठेवा. १४० लिटर रसातून आठ-नऊ हजार लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत मावते एकूण अठ्ठावीस हजार लिटर हवा. हा वायू जड, खाली साचतो. पेवात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या गोष्टी आपल्या प्रत्येक गावात आहेत. तळघरात आंबवायचं असेल तर खालची हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा हवाच, आणि एकट्याने उतरायचं नाही. दिवा विझतो का बघू, ही परीक्षा उशिरा कळवते.

हायड्रोमीटर १.१०० च्या आसपास सुरू होतो. रीडिंगआधी नमुना हलवून बुडबुडे काढा, नाहीतर ते काडी वर उचलून धरतात. ब्रिक्स मीटर आता बाजूला ठेवा. अल्कोहोल आलं की तो खोटं बोलतो.

गाळणं, आणि मग थांबणं

१.०१० ते १.००० च्या दरम्यान, सहाव्या-आठव्या दिवशी, रस काढून घ्या आणि उरलेली सालं स्क्रू प्रेसने दाबा. आधी आपोआप निथळलेली वाईन वेगळी, दाबलेली वेगळी. शेवटचा, कडवट लागायला लागलेला रस घेऊ नका. दोन्ही मिळून १३० लिटरच्या आसपास होते. ०.९९५ किंवा त्याखाली तीन दिवस स्थिर राहिली की साखर संपली.

लाल वाईनमधलं उरलंसुरलं मॅलिक जिवाणूंकडून लॅक्टिकमध्ये बदलून घ्यावं, नाहीतर ते बाटलीत होतं आणि बूच उडतं. बाजारात मिळणारं कल्चर, १८ ते २२ अंश, तीन-चार आठवडे. हे होईपर्यंत सल्फाइट नाही. पूर्ण झालं की ११-१२ ग्रॅम मेटाबायसल्फाइट आणि वरची स्वच्छ वाईन नळीने दुसऱ्या भांड्यात. साका खालीच राहू द्या. महिन्याने पुन्हा, मग अडीच-तीन महिन्यांनी.

भांडं काठोकाठ भरलेलं हवं. पाऊण भरलेल्या टाकीवर दोन आठवड्यांत पांढरी साय येते. मोठ्या भांड्यात बसेना तर लहान कॅन करा.

पांढऱ्या वाईनबद्दल थोडक्यात : मणी फोडून लगेच दाबायचं आणि साली बाजूला काढायच्या, रस रात्रभर ८-१० अंशांवर निवळायचा, मग १४-१६ अंशांवर दोन-तीन आठवडे आंबवायचं. हे बर्फाच्या बाटल्यांनी जमत नाही. मी दूध संकलन केंद्रातून मोडीत निघालेला ५०० लिटरचा बल्क कूलर घेतला. आतलं भांडं स्टेनलेसचं, थंड करायची ताकद भरपूर; थर्मोस्टॅट मात्र चार अंशांसाठी बसवलेला असतो, म्हणून बाहेरून वेगळा कंट्रोलर जोडावा लागला. दुधाचा वास जायला कॉस्टिक, मग आम्ल, मग पाणी असे चार फेरे. झाकण हवाबंद नसतं, त्यामुळे आंबवण्यापुरताच कामाचा, साठवायला नाही. पांढऱ्याला बाटलीआधी बेंटोनाइट (प्रथिनं खाली बसवणारी माती) द्या, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. नाहीतर मे महिन्यात प्रथिनं दाटतात आणि बाटलीत ताक दिसतं.

उन्हाळा

वाईन साठवायला १२ ते १६ अंश उत्तम, आणि बाहेर असतात ४३. आमचं जुनं माळवदाचं घर आहे, दोन हात जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचं छत. मला वाटलं झालं काम. मेमध्ये आतल्या खोलीत थर्मामीटर टांगला : दिवसा ३०, पहाटे २८. माणसाला स्वर्ग, वाईनला नाही. पण चढउतार फक्त दोन अंशांचा होता, ही जमेची बाजू. त्याच खोलीला आतून पफ पॅनल (उष्णता अडवणारे फोमचे तक्ते) लावून एक टनाचा एसी बसवला, तो १८ वर आरामात राहतो, कारण बाहेरची भिंत आधीच निम्मं काम करते. वाळ्याचा कूलर लावून बघू नका. दमटपणाने लेबलं सुटली आणि बुचांना बुरशी आली.

पांढरी एप्रिलअखेर बाटलीत भरा. लाल पावसाळा ओलांडू द्या. भरण्याआधी मोकळा सल्फर डायऑक्साइड आणि पीएच पुन्हा मोजा. १३० लिटरच्या ७५० मिलीच्या, गाळ आणि सांडलवंड वजा जाता, १६० बाटल्या होतात. बूच असेल तर आडव्या, स्क्रू कॅप असेल तर कशाही.

राहिला चोथा. साली, बिया, देठ मिळून ५०-६० किलो. शेणखताच्या ढिगात पातळ पसरा आणि वर माती टाका, लगेच. एकदा मी तो संध्याकाळी तसाच कुंपणाशी ठेवला, आणि सकाळी नानांची म्हैस गोठ्याचं दार सोडून भिंतीला शिंगं घासत उभी. नाना बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "माझा सोनाका नाही चालला तुला, आन् हिला तुझा चोथाबी चालला."